'ऑब्जेक्टम' म्हणजे समोर येऊन पडलेलं: वस्तूंविषयीच्या ओढीला मराठीत काय म्हणावं?

समुपदेशकांसाठी मराठी माहितीपत्रक लिहिताना तुम्ही 'ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी' या शब्दाशी अडलात. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हा शब्द खरंच लॅटिन आहे का, आणि त्याचा नेमका अर्थ काय? आणि मराठीत त्यासाठी 'वस्तुवेड' लिहिलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालणार नाही. 'पुस्तकवेडा', 'क्रिकेटवेडा' हे शब्द आपण कौतुकानं वापरतो, हे खरं. पण समुपदेशकाच्या टेबलावर ठेवलेल्या पत्रकात 'वेड' हा शब्द आला की तो कौतुकाचा राहत नाही. समोर बसलेल्या माणसाला तो निदानासारखा ऐकू येतो. मी तीस वर्षं वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय मजकुराचं मराठी भाषांतर करते आहे. एका चुकीच्या शब्दामुळे माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी शब्दाचा अर्थ. एखाद्या निर्जीव वस्तूविषयी, म्हणजे पूल, पुतळा, इमारत, यंत्र, वाद्य अशा गोष्टीविषयी, माणसाला जिव्हाळ्याची, प्रणयाची किंवा लैंगिक ओढ वाटणं म्हणजे ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी. या तिन्ही ओढी एकाच माणसात असतीलच असं नाही. काहींना फक्त प्रेम वाटतं, शारीरिक इच्छा नसते. काहींचं नातं वर्षानुवर्षं एकाच वस्तूशी असतं. अनेकांना त्या वस्तूला स्वभाव आहे आणि आपल्याला तिच्याकडून प्रतिसाद मिळतो, असं जाणवतं. छंद किंवा संग्रहाची हौस यांच्याशी याचा संबंध नाही.

हा शब्द जुना नाही. १९७०च्या दशकात उत्तर युरोपात तो घडला, आणि तो डॉक्टरांनी दिलेला नाही. ज्यांना ही ओढ वाटत होती त्यांनीच तो स्वतःसाठी घडवला. स्वीडनमधल्या एका स्त्रीनं १९७९ साली बर्लिनच्या भिंतीशी आपला विवाह झाल्याचं जाहीर केलं आणि आडनावही तेच लावलं. १९८९च्या नोव्हेंबरमध्ये सारं जग भिंत पडल्याचा आनंद साजरा करत होतं, तेव्हा तिला ती जोडीदाराची मोडतोड वाटली. २००७ साली एका अमेरिकन धनुर्धर स्त्रीनं पॅरिसच्या आयफेल टॉवरशी असाच समारंभ केला. या दोघींमुळे हा शब्द वर्तमानपत्रांत पोचला, बहुतेक वेळा चेष्टेच्या सुरात. पण शब्द आधीपासून होता आणि तो विचारपूर्वक निवडलेला होता, असं मला त्याची घडण बघून वाटतं.

आता लॅटिन. 'ओब' म्हणजे समोर, आडवं, विरुद्ध. 'इआकेरे' म्हणजे फेकणे, टाकणे. दोन्ही मिळून 'ओबिकेरे', म्हणजे समोर टाकणे. त्याचं कर्मणी भूतकाळवाचक धातुसाधित, नपुंसकलिंगी एकवचनात, 'ओबिएक्तुम': समोर टाकलं गेलेलं. मूळ 'इआक्तुम'मधला 'आ' समासात 'ए' होतो. हा लॅटिनचा नेहमीचा नियम आहे. 'फाक्तुम'पासून 'पेर्फेक्तुम' होतं ते असंच. 'ज'चा उच्चार इंग्रजीतून आला. रोमन माणूस तिथे 'य'च्या जवळचा आवाज काढत असे, आणि जर्मन-स्वीडिश माणूस आजही 'ओब्येक्ट' म्हणतो.

'समोर टाकणे' हे ऐकून तुम्हाला आपला एखादा शब्द आठवला का? 'आक्षेप'. 'क्षिप्' म्हणजे फेकणे. न्यायालयात वकील उठून म्हणतो तो 'आक्षेप' आणि इंग्रजीतलं 'ऑब्जेक्शन' हे एकाच कल्पनेतून, दोन वेगळ्या भाषांत, स्वतंत्रपणे घडलेले शब्द आहेत. रोमन वक्तृत्वशास्त्रात 'ओबिएक्ता' म्हणजे प्रतिपक्षाने अंगावर टाकलेले आरोप. 'प्रोजेक्टर'ला आपण 'प्रक्षेपक' म्हणतो तेव्हा तर उपसर्गाला उपसर्ग आणि धातूला धातू असा जोड लागतो: 'प्रो' आणि 'प्र', 'इआकेरे' आणि 'क्षिप्'. ज्याला संक्षेप, विक्षेप, हस्तक्षेप, अधिक्षेप ही मालिका ठाऊक आहे, त्याला लॅटिनचं हे कुटुंब परकं वाटायचं कारण नाही.

याच क्रियापदापासून लॅटिनमध्ये आणखी एक साधा, घरगुती शब्द आहे: 'ओबेक्स', म्हणजे दाराला आतून घालायचा अडसर. समोर आडवं टाकलेलं लाकूड. मला ही व्युत्पत्ती फार महत्त्वाची वाटते, कारण 'ऑब्जेक्ट' या शब्दाच्या गाभ्यात निपचित पडलेली चीजवस्तू नाही. वाटेत आडवं आलेलं, मला थांबवणारं, माझ्या समोर उभं असलेलं असं काहीतरी तिथे आहे. जर्मन भाषेनं याचंच भाषांतर 'गेगेनश्टांड' असं केलं: समोर, विरुद्ध उभं असलेलं. लॅटिनमध्ये नुसत्या वस्तूसाठी दुसरा, सोपा शब्द होता, 'रेस'. ही ओढ असलेल्या लोकांनी 'रेस' घेतला नाही, 'ओबिएक्तुम' घेतला. वस्तू आपल्या समोर उभी आहे, आपल्याकडे काही येतं आहे, हा जो अनुभव ते सांगतात त्याला हा शब्द नेमका बसतो. त्यांनी व्युत्पत्ती पाहून निवड केली असा माझा दावा नाही, पण निवड अचूक उतरली आहे.

मधल्या काळात या शब्दाने एक मोठी कोलांटी मारली. मध्ययुगीन तत्त्वज्ञांच्या लॅटिनमध्ये 'ओबिएक्तुम' म्हणजे मनासमोर आलेलं, मनानं कल्पिलेलं. आणि 'सुबिएक्तुम' म्हणजे खाली, पायाशी असलेलं, खरोखर अस्तित्वात असलेलं द्रव्य. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या चिंतनांतसुद्धा 'ऑब्जेक्टिव्ह' अस्तित्व म्हणजे कल्पनेत असलेलं अस्तित्व. अठराव्या शतकाअखेर जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या काळापर्यंत अर्थ उलटला. मनातलं ते 'सब्जेक्टिव्ह' आणि मनाबाहेरचं ते 'ऑब्जेक्टिव्ह' झालं.

आपल्याकडेही हा गोंधळ आहे, आणि माहितीपत्रक लिहिताना तो तुम्हाला नडेल. शाळेतला 'सब्जेक्ट' म्हणजे आपला 'विषय'. पण भारतीय दर्शनांत 'विषय' म्हणजे 'ऑब्जेक्ट', आणि 'विषयी' म्हणजे जाणणारा, 'सब्जेक्ट'. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याची सुरुवातच विषय आणि विषयी यांच्या भेदाने होते: उजेड आणि अंधार जसे परस्परविरुद्ध, तसे हे दोन. मराठीत मात्र 'विषयी माणूस' म्हटलं तर लंपट. 'विषयवासना', 'विषयासक्ती' हे शब्द कीर्तनातून आपल्या कानात इतके भरले आहेत की 'विषय' शब्दाला ओढीचा वास चिकटलेलाच आहे. सांख्यदर्शनावरच्या भाष्यात वाचस्पती मिश्र 'विषय' शब्दाची फोड करतात: जे बांधून टाकतात ते विषय. लॅटिनमध्ये ऑब्जेक्ट समोर येऊन पडतो, संस्कृतमध्ये तो बांधतो. एक मुमुक्षू आपल्या परंपरेत 'विषयांपासून सोडव' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पूल किंवा पुतळा नसतो, सगळं इंद्रियगोचर जग असतं. म्हणून पत्रकात 'विषयाकर्षण' असा शब्द चुकूनही घालू नका. एका संपादकांनी एकदा तो सुचवला होता. वाचणाऱ्याला तो वैराग्याचा उपदेश वाटला असता.

'सेक्शुअ‍ॅलिटी'चा भाग थोडक्यात. लॅटिन 'सेक्सुस' म्हणजे स्त्री-पुरुष हा भेद. अनेक अभ्यासक तो 'सेकारे', कापणे, या क्रियापदाशी जोडतात: दोन भाग केलेले. संस्कृत 'लिंग'चा मूळ अर्थ खूण, चिन्ह. तिथे काप, इथे खूण. आणि मराठीत 'जिन्नस' हा शब्द आपण वाण्याच्या यादीसाठी वापरतो, तो अरबी 'जिन्स'पासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ प्रकार, जात. आजच्या अरबीत तोच शब्द लैंगिकतेसाठी रूढ आहे. वस्तू आणि लिंगभेद एका शब्दाच्या दोन घरी नांदत आहेत, हे पाहून मला दर वेळी आनंद होतो. पत्रकात याचा उपयोग नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तर शब्द लॅटिन आहे का? त्याचे दोन्ही भाग लॅटिन आहेत, पण जोड रोमन नाही. लॅटिनमध्ये समास करताना पहिल्या पदाची विभक्ती गळते. 'ओबिएक्तुम' हे विभक्तीसकट तसंच ठेवून पुढे शब्द जोडणं रोमन कानाला खटकलं असतं. हा विसाव्या शतकातला, लॅटिन सुटे भाग घेऊन जोडलेला शब्द आहे. त्यात कमीपणा नाही. 'टेलिव्हिजन' ग्रीक आणि लॅटिनचा संकर आहे. 'होमोसेक्शुअल'सुद्धा तसाच, १८६९ साली कार्ल-मारिया केर्टबेनी या हंगेरियन वंशाच्या लेखकाने समलिंगी संबंधांना शिक्षा देणाऱ्या प्रशियन कायद्याविरुद्ध लिहिताना तो छापून वापरला. आज त्या शब्दाची व्युत्पत्ती शुद्ध नाही म्हणून कोणी अडून बसत नाही.

याच गोष्टीसाठी 'ऑब्जेक्टोफिलिया' असाही शब्द दिसेल. अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक. ग्रीक 'फिलिया' म्हणजे मुळात स्नेह, मैत्री. अ‍ॅरिस्टॉटलने मैत्रीची चर्चा याच शब्दाने केली. पण मनोविकारशास्त्रात '-फिलिया' हा प्रत्यय विकारांच्या यादीत इतका वापरला गेला की त्यातला स्नेह आटून गेला. म्हणून ज्यांना ही ओढ आहे त्यांच्यापैकी पुष्कळ जण 'ऑब्जेक्टम'वाला शब्दच पसंत करतात. तुमचं पत्रक त्यांच्यासाठीही आहे, तेव्हा त्यांची पसंती पाळा.

आता ज्या गल्लतीमुळे सर्वांत जास्त नुकसान होतं तिच्याकडे येते: 'फेटिश'. मराठी लेखांत या दोन गोष्टी सर्रास एक केल्या जातात. फेटिशमध्ये वस्तू बहुधा माणसाच्या जागी किंवा माणसाच्या ओढीत भर म्हणून येते: बूट, कापड, हातमोजा. ऑब्जेक्टममध्ये वस्तू कुणाच्याही जागी आलेली नसते, ती स्वतःच जोडीदार असते. हा भेद समुपदेशकाला पहिल्या भेटीतच लागतो.

'फेटिश' शब्दाचा इतिहास आपल्या फार जवळचा आहे. लॅटिन 'फाकेरे' म्हणजे करणे; त्यापासून 'फाक्तीकिउस', केलेलं, कृत्रिम. पोर्तुगीजमध्ये त्याचं 'फेइतिसू' झालं आणि अर्थ झाला जादूटोणा, मंतरलेली वस्तू. पोर्तुगीज खलाशांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लोकांच्या पूज्य वस्तूंना हाच शब्द लावला. गोव्यातही पोर्तुगीज सत्तेने इथल्या मांत्रिकांना, भगत-घाड्यांना याच कुळातला शब्द लावला. आणि मराठीत जादूटोण्याला काय म्हणतात? 'करणी'. 'त्याच्यावर कुणीतरी करणी केली.' करणे या क्रियापदापासून, तंतोतंत तीच वाट. संस्कृतात 'कृत्या'. १७६० साली शार्ल द ब्रोस या फ्रेंच विद्वानाने वस्तुपूजेला 'फेटिशिझम' असं नाव दिलं आणि १८८७ साली आल्फ्रेद बिने यांनी तो शब्द प्रेमाच्या मानसशास्त्रात आणला. म्हणजे दुसऱ्यांच्या देवांना हिणवण्यासाठी वापरलेला शब्द आधी धर्मशास्त्रात, मग दवाखान्यात आला. हिणवण्याचा तो अंश त्यातून पूर्ण गेलेला नाही, असं माझं मत आहे.

यावर मराठी वाचक हमखास एक गोष्ट विचारतो, म्हणून पत्रकात दोन ओळी ठेवा. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागतं, मंगळ असलेल्या मुलीचा कुंभविवाह होतो, तिसऱ्या लग्नाआधी रुईशी अर्कविवाह लावण्याची रूढी होती. खंडेनवमीला आपण शस्त्रांची, अवजारांची पूजा करतो. मग हे त्यातलंच का? नाही. कुंभविवाहात कुंभावर कोणाचं प्रेम नसतं. दोष त्याच्यावर उतरवून पुढचं लग्न निर्विघ्न व्हावं एवढाच त्याचा हेतू. अवजारपूजा कृतज्ञतेची आहे. विधी समाजाने ठरवलेला असतो, ओढ एका माणसाच्या आत उमलते. 'आपल्याकडे हे पूर्वीपासून होतंच' असं म्हणून समोरच्याला धीर देण्याचा मोह होतो. पण तसं म्हटल्याने समोरच्याचा स्वतःचा अनुभव पुसला जातो.

प्राचीन साहित्यात याच्या जवळचं काही शोधायचं तर रोमकडे जावं लागतं. रोमन कवी ओविडने आपल्या रूपांतरकथांच्या दहाव्या भागात पिग्मॅलियनची गोष्ट सांगितली आहे: स्वतः घडवलेल्या हस्तिदंती मूर्तीवर जीव जडलेला शिल्पकार. रोमन लेखक प्लिनीने क्निडोस या ग्रीक शहरातल्या अ‍ॅफ्रोडाइटी या प्रेमदेवतेच्या मूर्तीवर आसक्त झालेल्या माणसाची नोंद केली आहे. पण दोन्हीकडे मूर्ती स्त्रीची आहे, आणि पिग्मॅलियनची तर शेवटी जिवंत होते. बर्लिनची भिंत जिवंत बाई व्हावी अशी त्या स्वीडिश स्त्रीची इच्छा नव्हती. तिला भिंतच हवी होती. त्यामुळे या कथा उदाहरण म्हणून देऊ नका.

वैद्यकीय बाजूने तुम्हाला एवढं ठाऊक असावं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या वर्गीकरणात ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी नावाचं निदान नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२पासून लागू झालेलं अकरावं वर्गीकरण तर फेटिशिझमसुद्धा यादीतून काढून टाकतं. २०१० साली एमी मार्श या अमेरिकन लैंगिकताशास्त्रज्ञ बाईंनी २१ जणांच्या लेखी उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा लैंगिक कल मानावा असं मांडलं. २०१९ साली ज्युलिया सिमनर आणि सहकाऱ्यांनी असा कल असलेल्या ३४ जणांची ८८ इतरांशी तुलना केली. ऑब्जेक्टम गटात स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) प्रमाण लक्षणीय जास्त आढळलं, आणि सिनेस्थेशियाचंही. सिनेस्थेशिया म्हणजे एका इंद्रियाच्या अनुभवाबरोबर दुसऱ्याचा अनुभव आपोआप येणं, जसं आकड्याला रंग दिसणं किंवा अक्षराला स्वभाव असल्याचं जाणवणं. ज्याला सातचा आकडा रागीट वाटतो, त्याला पुलाचा स्वभाव जाणवणं फार दूरचं नाही. पण आकडे लहान आहेत, आणि स्वमग्न असलेल्या प्रत्येकाला अशी ओढ असते असा अर्थ यातून कोणी काढू नये. पत्रकात हे वाक्य ठळक छापा.

मग मराठी शब्द कोणता? 'वस्तुप्रेम' नको, तो घर सामानाने भरणाऱ्यालाही लागतो. 'वस्तुकामुकता' नको, त्यात फक्त शरीर उरतं आणि तेही दोषासारखं. 'विकृती' तर नकोच नको. 'वस्तुलैंगिकता' हा शब्द समलैंगिकता, अलैंगिकता यांच्या ओळीत सरळ बसतो. एखाद्याने स्वतःची ओळख म्हणून 'मी वस्तुलैंगिक आहे' म्हटलं तर तो जरूर वापरा. पण ज्यांची ओढ शारीरिक नाही त्यांना तो अंगावर येतो.

माझी निवड 'वस्तुरती' आहे. 'रती' या शब्दात प्रेमही आहे आणि इच्छाही. संस्कृत काव्यशास्त्रात रती हा शृंगाराचा स्थायीभाव, पण काव्यशास्त्रकार मम्मटाने देव वगैरेंविषयीच्या रतीलाही वेगळी जागा देऊन ठेवली आहे. म्हणजे रती ही स्त्री-पुरुषांपुरती असते असं आपल्या शास्त्रानेही मानलेलं नाही. दुसरी बाजू 'वस्तू'ची. हा शब्द 'वस्' या धातूपासून आला आहे, राहणे, वसणे. जी वसते ती वस्तू. लॅटिन ऑब्जेक्ट समोर येऊन पडतो. आपली वस्तू मुक्कामाला येते. ज्यांचं नातं एका पुलाशी वीस वर्षं टिकलं आहे त्यांना हा शब्द आवडेल, असं मला मनापासून वाटतं.

लिहिताना पहिल्या उल्लेखाला 'वस्तुरती' लिहा आणि लगेच पुढे 'ज्याला ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी म्हणतात' असं जोडा, म्हणजे ज्याने इंग्रजीत शोध घेतला आहे त्यालाही आपण योग्य जागी आलो हे कळेल. पहिलं पद ऱ्हस्व, 'वस्तु'. सुटा शब्द आला की दीर्घ, 'वस्तू'. जोडरेघ नको.

शेवटची सूचना लिंगाची, कारण मराठीत ती टाळता येत नाही. लॅटिन 'ओबिएक्तुम' नपुंसकलिंगी आहे. मराठीत मात्र तो पूल, ती इमारत, ते यंत्र. जर्मनमध्ये आणि मराठीतही भिंत स्त्रीलिंगी, तरी त्या स्वीडिश स्त्रीसाठी ती भिंत पती होती. व्याकरणाचं लिंग आणि त्या माणसाच्या मनातलं लिंग जुळेलच असं नाही. समुपदेशकाने 'ती खुर्ची' म्हटलं आणि समोरच्यासाठी तो 'तो' असेल, तर बोलणं तिथेच थांबतं. पत्रकाच्या पहिल्याच पानावर हा प्रश्न छापा: 'तुम्ही त्याला तो म्हणता, ती म्हणता, की ते?' आणि मग पुढचं सगळं संभाषण त्यांनी सांगितलेल्या सर्वनामात करा.